काच वर केल्यावर बसणारे चटके (घरगुती वेल्डिंग)

तांबडी_माती

नमस्कार मंडळी. हा धागा डाव्या हाताने टंकतोय, त्यामुळे शुद्धलेखनवाल्यांनी दोन दिवस दम धरावा. उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी सध्या रजेवर आहेत.

गेल्या दिवाळीत इन्व्हर्टरवालं छोटं वेल्डिंग मशीन घेतलं. पेशाने मी हिशेबनीस. लोखंडाशी नातं एवढंच, की आजोबा गावी बैलगाडीच्या चाकांना धावा बसवून द्यायचे. रविवारी गच्चीवर बसून कुंड्यांचं स्टँड, चपलांचा रॅक असली कामं करतो. सामान सगळं रीतसर आहे. आपोआप काळी होणारी काच असलेलं हेल्मेट, चामडी हातमोजे, एप्रन. व्हिडिओ किती बघितले त्याला मोजमाप नाही.

परवा इंची चौकोनी पाइपाची चौकट जोडत होतो. शेवटचा जोड संपला, हेल्मेट वर केलं, स्लॅग (जोडावर जमलेली कडक खपली) झाडला. वेल्ड इतका देखणा आला होता की फोटो काढायला उजवा हातमोजा उतरवला. फोटो काढला. मग गुण्या (काटकोन तपासायचं हत्यार) लावला तर कोपरा केसभर तिरका. आणि मी, चाळिशी उलटलेला, दोन पोरांचा बाप, तो कोपरा दोन बोटांत धरून सरळ करायला गेलो.

तापल्या तव्यावर पाणी शिंपडल्यावर येतो तो आवाज. पुढचं लिहीत नाही.

आता मुद्दा. मला वही ठेवायची खोड आहे. मशीन आणल्यापासूनची प्रत्येक दुखापत तारखेनिशी लिहिलेली आहे, ही धरून अकरा. काल रात्री झोप लागत नव्हती म्हणून सगळ्या नोंदी परत वाचल्या. पायमोज्यात गेलेली ठिणगी. चपलेखाली आलेलं रॉडचं (वेल्डिंगच्या काडीचं) गरम थोटूक. गालावर उडालेला स्लॅग. ग्राइंडरने कापलेल्या पाइपाच्या कडेने चिरलेली करंगळी. अशा अकरा. त्यातल्या आर्क (रॉड आणि लोखंडामधला विजेचा झोत) चालू असतानाच्या फक्त दोन! बाकी नऊ काच वर केल्यानंतरच्या. म्हणजे ज्या वेळासाठी एवढं चिलखत विकत घेतलं, त्या वेळात मला फारसं काही होतच नाही. होतं ते चिलखत उतरवल्यावरच्या दोन मिनिटांत.

घरी वेल्डिंग करणाऱ्यांनी आणि धंद्यात असलेल्यांनी त्या दोन मिनिटांतल्या आपापल्या सवयी सांगाव्यात. ‘माणूस बोलावून करून घ्या’ हा सल्ला बायकोने दिलेला आहे, पुन्हा नको.

बेडूकउडी

आजोबा धावा बसवायचे, नातू धावा करतोय. लवकर बरे व्हा.

लोखंडी_चणे

भावा, तुझी वही बरोबर बोलतीय. कोल्हापुरात उद्यमनगरात तीस वर्षं फॅब्रिकेशन केलं, आता पोरगा बघतो. लाल लोखंडानं भाजलेला माणूस मी क्वचित बघितला. लाल दिसतं, माणूस आपोआप लांब राहतो. घात करतं ते काळं.

लोखंड साधारण सव्वापाचशे अंशांच्या खाली आलं की त्याची लाली डोळ्याला दिसायची बंद होते. तू तर गच्चीवर उन्हात बसतोस, तिथं त्याच्या बरंच आधी. तिथून हाताला सोसेल इतकं गार व्हायला जो वेळ लागतो, त्यात ते नुसतं काळं आणि गरीब दिसत पडलेलं असतं. साठ अंशांच्या पाण्यात हात पाचेक सेकंद राहिला तरी कातडी जाते. तू चारशेच्या लोखंडाला चिमटीत धरलंस.

आमच्याकडं रीत अशी. ज्यानं वेल्ड मारला त्यानंच सेलखडीनं (मऊ दगडाच्या खडूनं) त्यावर ‘ग’ काढायचा. पूर्ण ‘गरम’ लिहायला वेळ कुणाला? ‘ग’ दिसला की सांडशीशिवाय हात नाही. हा ‘ग’ दुसऱ्यांसाठी असतो असं नव्या पोरांना वाटतं. तसं नाही, तो स्वतःसाठी असतो. पाच मिनिटांनी आपलंच आपल्याला आठवत नाही कुठला जोड आत्ता मारला आणि कुठला चहाच्या आधी.

बघायचंच असलं तर तळवा कधी नाही. उलटा हात, तोही वीतभरावरून हळूहळू जवळ. ऊब लागली की थांबायचं, टेकवायचा नाही. आणि हातमोजा जोड संपल्यावर निघत नाही, काम आवरल्यावर निघतो. मोबाइल खाली घरात ठेवून वर जात जा. निम्मं काम तिथंच होईल.

अजून एक. तू चौकोनी पाइप वापरतोस म्हणून सांगतो. गार करायला बादलीत बुडवू नकोस. पट्टी, सळई वेगळी. पोकळ पाइपाचं गरम टोक पाण्यात गेलं की आत वाफ होते आणि वरच्या टोकातून बाहेर पडते. वरच्या टोकाला काय असतं? तुझं मनगट. आमच्याकडं एका पोराला असा फोड आला होता, बांगडीएवढा. बरं, हातमोज्याच्या तोंडातून वाफ आत शिरली, म्हणजे मोजा असून नसल्यासारखा.

थोटकांसाठी पायाशी वाळू घातलेला पत्र्याचा डबा. जमिनीवर थोटूक टाकणाऱ्यानं सगळ्यांना चहा पाजायचा. दंड म्हणून नाही हो, चहाला निमित्त.

निशाचर

मी डोळ्यांचा डॉक्टर, पण आधी बोटांकडे येतो. भाजल्यावर काय लावलंत? खरं सांगा.

तांबडी_माती

नळाखाली धरलं, अर्धा मिनिट असेल. मग बायकोने टूथपेस्ट, आईने फोनवरून हळद, शेजारच्या काकूंनी कोरफड. तीन पक्षांचं सरकार होतं बोटावर.

निशाचर

वाटलंच. डॉक्टरला आधी ते सरकार पाडावं लागतं, मग खालची जखम दिसते. खरवडताना कातडीही निघते.

भाजल्यावर लावायची गोष्ट एकच, वाहतं साधं गार पाणी, आणि ते २० मिनिटं. घड्याळ लावून २० मिनिटं. कातडीच्या वरच्या थरात शिरलेली उष्णता खाली उतरत राहते, ती काढून घ्यायला एवढा वेळ लागतो. लगेच जमलं नाही तरी तीन तासांच्या आत केलेलं उपयोगी पडतं. बर्फ नको. बर्फाने रक्तवाहिन्या आकसतात आणि आधीच दुखावलेल्या कातडीला आणखी इजा होते. अंगठी, घड्याळ, कडं पहिल्या मिनिटातच काढा. सूज आल्यावर अंगठी कापावी लागते, आणि ती कापायला परत ग्राइंडरवालाच शोधावा लागतो (हसू नका, झालेलं आहे). फोड फोडू नका. वर स्वच्छ गॉझ किंवा स्वयंपाकघरातली पारदर्शक पातळ फिल्म सैलसर ठेवा, गुंडाळून आवळू नका.

तुमच्यासाठी खास: बोटाच्या टोकावर पांढरट किंवा चामड्यासारखी जागा असेल आणि ती दुखतच नसेल, तर बरं वाटून घेऊ नका. न दुखणं म्हणजे भाजणं खोल आहे. उद्या दवाखाना. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी झालंय तेही बघा.

स्पष्टवक्ता_६२

एवढं घाबरून कसं चालेल? आमच्या गल्लीतला ग्रिलवाला स्लिपर घालून, काळा गॉगल लावून दिवसभर वेल्डिंग मारतो. त्याला काही होत नाही. हल्ली सगळ्याचंच अवडंबर.

लोखंडी_चणे

साहेब, त्याचे पाय कधी जवळून बघितलेत?

कावेरी_

मी शिल्पं करते, भंगारातल्या लोखंडाची. फोंड्याजवळ माझी शेड आहे. बारा वर्षं झाली. कपड्यांबद्दल कुणी बोललंच नाही म्हणून लिहिते.

जी ठिणगी आपण म्हणतो ती बहुतेक वेळा ठिणगी नसते, वितळलेल्या लोखंडाचा थेंब असतो. सुती कापडावर पडला तर भोक पाडून जातो. नायलॉन, पॉलिएस्टरवर पडला तर कापडच वितळतं आणि कातडीला चिकटतं. मग थेंब गेला तरी प्लास्टिक राहतं. तांबडी_माती, तुमचा तो मोजा नक्की नायलॉनचा असणार. जाड सुती किंवा जीन्स, आणि पँटचा पाय बुटाच्या बाहेरून. आत खोचला की नरसाळं तयार होतं. दुमडलेली बाही, पँटची घडी, उघडा खिसा हे सगळे थेंब झेलायचे कटोरे. खिशात लायटर असेल तर काम सुरू करायच्या आधी तो चार हात लांब ठेवा.

आपल्याकडे खाली पाटावर किंवा उकिडवं बसून काम करायची सवय. त्या बसण्यात मांडी आणि पोट यांच्यामध्ये जी खाच होते तिथे थेंब हमखास येऊन बसतो, आणि उकिडवं बसलेल्या माणसाला पटकन उठता येत नाही. मी टेबल केलं त्या दिवसापासून निम्मे चटके गेले. टेबल म्हणजे काय, जुन्या शिवणयंत्राचा पाय आणि वर जाड पत्रा.

गळ्याखालचा त्रिकोण झाका. सुरुवातीला मी हेल्मेट घालून गोल गळ्याच्या टीशर्टवर तासभर काम केलं होतं, रात्री गळा उन्हात भाजल्यासारखा लाल. आर्कचे अतिनील किरण ते. चुन्याच्या पांढऱ्या भिंतीवरून परतून मानेलाही लागतात. केस बांधून वर सुती फडकं.

आणि कान! डोक्यावरचा जोड मारताना एकदा कानात थेंब गेला. तो आवाज बाहेरून ऐकू येत नाही, डोक्याच्या आतून येतो. पडदा वाचला. तेव्हापासून कानात बोळे घातल्याशिवाय वर बघत नाही. साधे फोमचे नाहीत, ते स्वतःच वितळतात. ठिणगीला टिकणारे मिळतात, नाहीतर कानावरून जाड सुती कानटोपी.

तांबडी_माती

ताई, मोजा नायलॉनचाच होता. वहीत दुरुस्ती केली.

बेडूकउडी

पण लहानपणी ‘वेल्डिंगकडे बघू नको, डोळे जातील’ म्हणायचे त्याचं काय? मी तर मुद्दाम बोटांच्या फटीतून बघायचो. डोळे शाबूत आहेत, अक्कल गेली असेल.

निशाचर

डोळे ‘जात’ नाहीत, बहुतेक वेळा ‘लागतात’. कामगारांचाच शब्द आहे, ‘वेल्डिंग लागली’. बुबुळावरचा पारदर्शक पडदा अतिनील किरणांनी भाजतो. गंमत अशी की तेव्हा काहीच कळत नाही. सहा ते बारा तासांनी, म्हणजे संध्याकाळचं काम असेल तर मध्यरात्रीनंतर, डोळ्यांत मूठभर वाळू टाकल्यासारखं होतं. पाणी वाहतं, उजेड सोसत नाही. एक-दोन दिवसांत बहुतेकांचं आपोआप भरून येतं.

आता बटाट्याच्या चकत्या. प्रत्येक वर्कशॉपमध्ये हा उपाय आहे आणि मला त्यावर रोज वाद घालायचा कंटाळा आलाय. चकती गार असते म्हणून बरं वाटतं. मिटलेल्या पापणीवर गार पाण्याची स्वच्छ घडी ठेवा, तेवढंच बरं वाटेल आणि डोळ्यात बटाट्याचं पाणी जाणार नाही. दूध, तूप, गुलाबपाणी, मध काहीही डोळ्यात घालायचं नाही. खरा धोका वेगळाच आहे. कुणीतरी कुठूनतरी बधिर करणारे थेंब आणून देतो. ते टाकले की दहा सेकंदांत स्वर्ग. मग दर तासाला टाकत बसतात. त्या थेंबांनी पडदा भरून यायचा थांबतो, वारंवार टाकले तर तिथे जखम होते. ते थेंब दवाखान्यात तपासताना टाकण्यासाठी आहेत, घरी न्यायला नाहीत.

दोन दिवसांत बरं वाटलं नाही, किंवा एकाच डोळ्यात खुपतंय, तर ती वेल्डिंग नव्हे, बहुधा कण आहे.

लोखंडी_चणे

डॉक, बटाटा आमच्या आईनं लावला होता, तिला काही बोलायचं नाही.

निशाचर

काका, आईला नाही बोलत. आईच्या हातची गार चकती आणि डॉक्टरच्या हातची गार घडी, फरक मला माहीत आहे.

ग्रीष्म

मी मिशिगनला असतो, इथल्या कम्युनिटी कॉलेजात संध्याकाळचा वेल्डिंगचा वर्ग केला होता. काचेबद्दल लिहितो. हेल्मेटवर शेडचा, म्हणजे काच किती काळी होते त्याचा, आकडा असतो, तो घरच्या कामाला दहा-अकरा पुरतो. आपोआप काळं होणाऱ्या हेल्मेटला समोर सेन्सर असतात. पाइपाच्या आड वाकून काम करताना पाइप त्या सेन्सरसमोर आला तर काच काळी होत नाही आणि पांढरा भपका बसतो. चांगल्या हेल्मेटची काच काळी नसतानाही अतिनील अडवते, त्यामुळे घाबरायचं कारण नाही, पण असं वारंवार होत असेल तर डोक्याचा कोन बदला. हेल्मेटवर एक डिलेचं बटण असतं, आर्क विझल्यावर काच परत उजळायला किती वेळ घ्यावा त्याचं. बरेच लोक ते अगदी कमी ठेवतात. मी जास्तीत जास्त ठेवतो. क्षणभर अंधारातच थांबावं लागतं, तेवढीच घाई कमी.

अवांतर, ज्याचं शीर्षकाशी नातं आहे: आमच्या शिक्षकांचा नियम होता की हेल्मेट वर केलं तरी आतला पारदर्शक चष्मा उतरवायचा नाही. स्लॅग झाडताना लागतो तो तोच.

लोखंडी_चणे

हे सोन्यासारखं सांगितलंस. स्लॅग गार होताना स्वतःहून पण उडतो, तड् करून, हातोडी न लावता. वाकून जोड बघायला गेलेल्या माणसाच्या तोंडावर. आणि हातोडी मारायची ती अंगापासून लांबच्या दिशेनं.

ग्राइंडरचं मी लिहिणार होतो, पण भरपूर होईल. थोडक्यात, चार इंची ग्राइंडर मिनिटाला अकरा हजाराच्या आसपास फिरतो. डिस्कवर तिचा वेग लिहिलेला असतो, तो मशीनच्या वेगापेक्षा कमी असलेली डिस्क चढवायची नाही. डिस्कवर मुदतीची तारीख पण असते हे कितीजणांना माहीत आहे? कापायच्या पातळ डिस्कनं घासायचं नाही, ती आडवा जोर सोसत नाही. गार्ड काढलेला ग्राइंडर दिसला की मी त्या दुकानात चहा पीत नाही.

बेडूकउडी

काकांच्या आयुष्यात चहा हेच एकक आहे.

शॉकप्रूफ

वहीत शॉक एकही नाही, हे तांबडी_माती यांचं नशीब. मी विद्युत ठेकेदार, त्यामुळे माझा लकडा वेगळा.

बरेच जण म्हणतात, ‘घरात तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) आहे, काही होणार नाही.’ तो भिंतीपासून मशीनपर्यंतच्या तारेसाठी आहे. मशीनच्या आत ट्रान्सफॉर्मर असतो, त्याच्या पलीकडे होल्डरची (रॉड धरायच्या चिमट्याची) जी बाजू आहे ती वेगळी पडते. तुम्ही एका हातात रॉड आणि दुसऱ्या हाताने जॉब (जोडायचं लोखंड) धरलात, घामाने भिजलेले आहात, तर साठ-ऐंशी व्होल्ट अंगातून जातील आणि घरातला आरसीसीबी ढिम्म राहील. त्याला कळणारच नाही. म्हणून रॉड बदलताना कोरडा, फाटका नसलेला हातमोजा. भिजलेला मोजा म्हणजे मोजाच नाही. ओल्या गच्चीवर उभं राहायचं नाही, कोरडी लाकडी फळी किंवा रबरी मॅट घ्या. पावसाळ्यात सरळ सुट्टी.

रॉड काखेत धरून क्लॅम्प लावणारे लोक बघितलेत मी. ते चित्र डोळ्यांसमोरून जात नाही.

प्लगबद्दल: अडीच मिमीच्या रॉडला सत्तर-ऐंशी अँपिअरवर काम करताना हे मशीन भिंतीतून साधारण बारा ते सोळा अँपिअर ओढतं. सहा अँपिअरच्या लहान सॉकेटला टेबल फॅनचं एक्स्टेन्शन लावून चालवू नका. गुंडाळलेलं एक्स्टेन्शन तर मुळीच नाही, गुंडाळी आतून तापते आणि वरून कळत नाही. जॉबचा क्लॅम्प जोडाच्या जवळ, रंग आणि गंज घासून लोखंडावर. सैल क्लॅम्पखालीही आर्क होतो आणि मग तोच क्लॅम्प हातात घेताना चटका देतो. पुन्हा, काच वर केल्यावर!

कावेरी_

सगळंच काच वर केल्यावर येतंय की. डोळे रात्री, गळा रात्री. आणि ताप पण.

जीआय पाइपाबद्दल सांगते. जस्ताचा मुलामा असलेला पाइप किंवा पत्रा स्वस्तात भंगारात मिळतो. जस्त ९०७ अंशांना उकळतं, लोखंड वितळतं १५०० च्या पुढे. म्हणजे जोड होण्याच्या कितीतरी आधी जस्ताची वाफ झालेली असते. पांढरा धूर आणि कोळिष्टकांसारखे तंतू हवेत तरंगताना दिसले की थांबा. मी थांबले नव्हते. चार-पाच तासांनी तोंडात नाणं चघळल्यासारखी चव, मग हुडहुडी, अंग मोडून ताप. मला वाटलं मलेरिया. दुसऱ्या दिवशी दुपारी उतरला. मुलामा आधी घासून काढायचा, उघड्यावर बसायचं, वारा बाजूने आणि तोंड धुराच्या रेषेबाहेर.

स्पष्टवक्ता_६२

त्यावर गूळ आणि दूध. कारखान्यांत पूर्वीपासून देतात.

निशाचर

गूळ खा, चांगला लागतो. फुप्फुसात गेलेली जस्ताची वाफ गूळ बाहेर काढत नाही. उलट ‘गूळ खाल्लाय’ म्हणून माणूस निवांत धुरात बसतो, हा तोटा. या तापाची एक खोड अशी की रोज काम करणाऱ्याला शरीर थोडं सरावतं, सुट्टीनंतर सोमवारी तो सराव गेलेला असतो, म्हणून सोमवारी ताप येतो. आपण रविवारचे वेल्डर, आपला प्रत्येक रविवार हा सोमवारच. आणि जस्त नसलेल्या धुराचंही एकदा सांगून ठेवतो, वेल्डिंगचा धूर २०१७ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत कर्करोगकारकांच्या पहिल्या, म्हणजे माणसात कर्करोग होतो हे सिद्ध झालेल्या, गटात आहे.

उसाचा_रस

मी शिरोळ भागातला. ट्रॉली, नांगर, कुळव सगळं घरीच जोडतो. आमचं भाजणं बोटाचं नव्हे, गंजीचं.

दोन वर्षांपूर्वी दुपारी अडीचला ट्रॉलीचा हूक जोडला. गोठ्यापासून चांगलं वीस पावलं लांब. काम झालं, मशीन आत टाकलं, जेवलो, झोपलो. साडेचारला आई ओरडली. कडब्याच्या गंजीच्या पोटातून धूर. ठिणगी गंजीच्या वर नव्हती पडली, घरंगळत खाली गेली असणार आणि आतल्या आत दोन तास धुमसत राहिली. मोटार चालू होती म्हणून निम्मी वाचली. पाचट, कडबा, भुसा, गोणपाट, नारळाची सोडणं, हे पेटत नाहीत हो लगेच. दम धरून पेटतात.

आणि एक हात जोडून. रिकामी डिझेलची टाकी, पेट्रोलची टाकी, थिनरचा डबा, रसायनाचं दोनशे लिटरचं बॅरल, ह्याला वेल्डिंग किंवा ग्राइंडर लावू नका. धुतलंय म्हणून नाही, उन्हात वाळवलंय म्हणूनही नाही. भरलेल्यापेक्षा रिकामं वाईट, आत वाफ आणि हवा दोन्ही असतात. बॅरल कापून शेगडी करायच्या नादात शेजारच्या गावात काय झालं ते मी इथं लिहीत नाही.

ग्रीष्म

तुमच्या वीस पावलांवर आणि दोन तासांवर: अमेरिकेत अशा कामाचं एनएफपीए (तिथली अग्निसुरक्षा संस्था) ५१बी म्हणून मानक आहे. त्यात आजूबाजूचं जळण ३५ फूट, म्हणजे जवळपास ११ मीटर लांब हवं, आणि नेता येत नसेल तर झाकायचं. काम थांबल्यावर कुणीतरी पहाऱ्याला बसायचं. हा पहारा आधी अर्ध्या तासाचा होता, २०१९ च्या आवृत्तीत तो एक तास केला.

तुमची गंजी वीस पावलांवर म्हणजे नियमात बसत होती. पण उतार आणि वारा नियम वाचत नाहीत. मी काम संपलं की मशीन बंद करून गॅरेज झाडायला घेतो, हत्यारं पुसतो, चहा तिथेच पितो. तास निघतो आणि गॅरेज पण स्वच्छ.

शॉकप्रूफ

गच्चीवाल्यांनी खालच्या मजल्याचा विचार करा. कठड्यावरून थेंब खाली जातो आणि दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंची साडी वाळत असते.

तांबडी_माती

मंडळी, अपडेट. डॉक, तर्जनीवर पांढरी जागा होती. दुसऱ्या दिवशी गेलो. खोल आहे पण लहान आहे, कातडी भरेल म्हणाले. आठवडाभर ड्रेसिंग. अंगठा बरा आहे.

या रविवारी काम नव्हतं करायचं, पण मशीन न लावता नुसता वर जाऊन बसलो आणि जागा लावली. थोटकांचा डबा, सेलखडी (बोहरी आळीत पाच रुपयांना मिळाली), सांडशी खुंटीला, पाण्याची बादली आणि वाळूची बादली, आईची जुनी सुती नऊवारी फाडून डोक्याला फडकी. नायलॉनचे मोजे घरातून हद्दपार. मोबाइल खाली.

पण एक शंका राहिली. मी तो कोपरा धरला का, तर तिरका होता म्हणून. जोडताना तो गुण्यात होता, मी दोनदा बघितलं होतं. मग तिरका झालाच कसा?

लोखंडी_चणे

आता खरा प्रश्न विचारलास. इतक्या दिवसांत हे कुणीच विचारलं नाही, मीपण नाही.

वेल्ड गार होताना आकसतो आणि पाइपाला आपल्याकडं ओढतो. तू एका कोपऱ्याची एक बाजू एका दमात पूर्ण मारली असणार. मग तो कोपरा त्या बाजूला झुकणारच, गुण्यात धर नाहीतर देव्हाऱ्यात धर. आधी चारी कोपऱ्यांना नुसते टाके मारायचे, भाताच्या शितापेक्षा थोडे मोठे. एक टाका मारला की समोरच्या कोपऱ्यात जायचं, मग तिरपं. सगळे टाके झाले की गार होऊ दे. मग गुण्या, मग दोन्ही कर्ण फितीनं मोजायचे. वाकडं असलं तर हातोडीचा एक ठोका, टाका ऐकतो. पूर्ण वेल्ड ऐकत नाही. सरळ झाल्यावर मग पूर्ण वेल्ड, तो पण एक इथं, एक समोर, असा आलटून पालटून.

हात लावायची पाळीच येत नाही बघ, कारण गरम असताना सरळ करायला काही उरतच नाही.

तांबडी_माती

एका दमातच मारली होती. वहीत अकराव्या नोंदीपुढे कारण लिहिलं होतं ‘हातमोजा काढला’. ते खोडून ‘टाके मारले नाहीत’ लिहिलं.

लोखंडी_चणे

दोन्ही ठेव. आणि स्टँडचा फोटो टाक, पण मोबाइल आणायला खाली जाऊन ये. तोवर गार होईल.